टळलेल्याची मोजणी

मिरजेच्या वैजयंती म्हेत्रे यांच्या मनाला काही खटकलं, की त्या पुण्याला मुलीला फोन लावायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही, सहजच केला." मग जेवलीस का, पाणी वेळेवर येतं का, गाडी तूच चालवतेस का, अशा आडवळणांनी मुलगी धडधाकट आहे याची खात्री करून घ्यायच्या आणि फोन ठेवायच्या. काय वाटलं होतं, ते कधीच सांगायच्या नाहीत. वाईट मनात आलं तरी तोंडाबाहेर काढायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते, हा त्यांचा नियम होता. उभी हयात त्यांनी अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून काढली होती. तिथेही त्यांनी तो मोडला नव्हता.

ऋजुताला या फोनांचं लहानपणी हसू यायचं, पुढे कंटाळा यायला लागला. आईची पाल फार वेळा चुकचुकायची आणि बहुतेक वेळा उगाचच. शाळेच्या सहलीला जाऊ नकोस म्हणून आई एकदा हटून बसली होती. ती बस पन्हाळ्याला गेली, पोरं घसा बसेपर्यंत गाणी म्हणत परत आली, आणि ऋजुता तेवढी घरी. निखिलशी लग्न ठरलं तेव्हा आई "माझं मन घेत नाही" एवढंच बोलली होती. ते लग्न मोडलं, पण बऱ्याच वर्षांनी, आणि अशा कारणानं की ज्याचा अंदाज ब्रह्मदेवालाही आला नसता. आईनं त्याचं श्रेय घेतलं नाही. ऋजुतानंही दिलं नाही.

अशा आईच्या मुलीनं पुढे अंदाज मोजायच्या धंद्यात शिरावं, यात फारसं नवल नव्हतं.

त्या यंत्राचं नाव होतं 'कौल'. देवाला कळ्या लावून, उजवी पडली की डावी ते बघून कौल घेतात, त्यावरून कुणीतरी ते सुचवलं होतं. शास्त्र मात्र साधं होतं. आपल्या काळजापासून, फुप्फुसांपासून, आतड्यांपासून मज्जातंतूंची एक लांब दोरी मानेतून मेंदूकडे जाते. तिच्यातले बहुतेक धागे मेंदूचे हुकूम खाली नेत नाहीत. ते शरीराच्या बातम्या वर नेतात. माणसानं आयुष्यभर पाहिलेलं, पण लक्षात ठेवलं नाही असं वाटणारं पुष्कळसं मेंदूत साठलेलं असतं. समोरचा प्रसंग त्यातल्या एखाद्याशी जुळला, की आधी शरीर दचकतं. त्याची लाट त्या दोरीवरून वर चढते आणि मग काही क्षणांनी माणसाला वाटतं, काहीतरी बिनसलंय. कारण हाताशी नसतं. आपण त्याला हुरहुर म्हणतो, मन खातंय म्हणतो. या दोरीची एक बारीक फांदी कानाशी येते, म्हणून ती लाट कानामागून वाचता येते, एवढाच काय तो शोध होता. त्यासाठी कपाळावरच्या टिकलीएवढा एक तुकडा कानामागे चिकटवायचा. लोक त्याला टिकलीच म्हणायला लागले.

लाट आली की टिकली किंचित थरथरायची. मग जे होईल असं वाटतंय ते हळू आवाजात बोलायचं. ठरलेला वेळ संपला की यंत्र घडलेल्याशी ते ताडून बघायचं: अंदाज बरोबर की चूक. या ताडून बघण्याला कंपनीत निवाडा म्हणत, आणि निवाडा विभागाची प्रमुख होती ऋजुता म्हेत्रे. अनेक निवाडे मिळून माणसाचा एक आकडा ठरायचा, त्याला नाव दिलं होतं भरवसा.

दोन-तीन वर्षांत भरवसा सगळीकडे झाला. ट्रक चालवणाऱ्यांचा भरवसा मालक विचारू लागले, नोकरीच्या मुलाखतीत साहेब विचारू लागले, विवाहमंडळांच्या अर्जात पत्रिकेशेजारी त्याचा रकाना आला. ज्यांचा भरवसा चांगला, त्यांचं "मला वाटतं" वजनदार झालं. बाकीच्यांनी "मला वाटतं" म्हणायचं हळूहळू सोडून दिलं.

आईच्या रुग्णालयानं कौल घ्यायचं ठरवलं तेव्हा ऋजुता मुद्दाम मिरजेला गेली. आईच्या कानामागे पहिली टिकली तिनंच लावली. आई आरशासमोर मान वाकडी करून बसली होती. म्हणाली, "लहानपणी तुला दृष्ट लागू नये म्हणून मी इथेच तीट लावायची. आता तू मला लाव."

"ही दृष्टीची नाही, आई. दूरदृष्टीची."

"तेच ते," आई म्हणाली, आणि विभागात जाऊन सगळ्यांना सांगत सुटली, की हे माझ्या पोरीनं केलंय, आता सांभाळून अंदाज बांधा.

पहिल्या तीन महिन्यांत आईचा भरवसा इतका खाली आला, की ऋजुताला वाटलं टिकलीच बिघडलीय. तिनं दुसरी पाठवली. तिसरी पाठवली. आकडा सुधारला नाही. लाटा तर भरपूर येत होत्या, साऱ्या विभागात सर्वांत जास्त. पण लाट आल्यावर ज्याच्याविषयी आली त्या पेशंटला पुढे काहीच होत नव्हतं. शिवाय, काय वाटतंय ते बोला, असं यंत्रानं म्हटलं, की आई दर वेळी एकच बोलायची: काही नाही. अशा वेळी यंत्र लाटेलाच धोक्याचा अंदाज धरायचं.

ऋजुतानं फोनवर समजावलं. "आई, जे वाटेल ते बोलायचं असतं त्याच्याशी. ते फक्त यंत्र आहे."

"पेशंट कॉटवर पडलेला असतो, ऋजू. त्याच्या उशाशी उभं राहून मी म्हणू, की हा जाणार म्हणून?"

"त्याला ऐकू नाही जात."

"मला जातं ना."

रुग्णालयाचा नियम पुढे आला: ठराविक आकड्याखाली भरवसा असलेल्या सिस्टरच्या सांगण्यावरून डॉक्टरांना बोलावलं जाणार नाही. आईनं हाक मारली की डॉक्टर आधी पडद्यावरचा आकडा बघायचे आणि मग तिच्याकडे. नंतर तिला अतिदक्षता विभागातून काढून निर्जंतुकीकरणाच्या खोलीत टाकलं. तिथे वाफेवर शिजणाऱ्या कात्र्या होत्या, कापडाच्या घड्या होत्या, आणि घाबरायला एकही पेशंट नव्हता. कुणी अपमान केला नाही. निरोपाला केकसुद्धा कापला.

दिवाळीला ऋजुता घरी गेली तेव्हा आई वाळली होती. झोप नाही म्हणाली. मन थाऱ्यावर नसतं, सारखं काहीतरी वाटत राहतं, कशाचं ते कळत नाही. टिकली काढून ठेवली तर काय, असं ऋजुतानं विचारलं. आईनं तेही करून बघितलं होतं. वाटायचं ते वाटतच होतं, फक्त मोजलं जात नव्हतं.

ओट्याशी उभ्या उभ्या चकलीचं पीठ मळता मळता आईनं विचारलं, "इतकी वर्षं माझं चुकतच होतं का गं?"

ऋजुतानं उत्तर फार जपून दिलं. भीती आणि अंदाज आतून सारखेच वाटतात, म्हणाली. दोन्हींची लाट एकाच दोरीवरून येते. काही माणसांचं शरीर जास्त भितं, त्यात त्यांचा दोष नसतो. हे सगळं खरं होतं आणि तिनं ते फार मायेनं सांगितलं. आई ऐकत होती. मग तिनं पिठाच्या हातानंच कपाळ पुसलं. म्हणाली, "असेल बाई. मोजलंय म्हणजे असेलच."

कंपनीनं त्याच सुमारास टिकलीत एक नवी सोय आणली होती. तिचं नाव 'शांत'. ज्यांचा भरवसा कमी, त्यांची लाट उठायला लागली की टिकली उलट दिशेनं अगदी सौम्य विजेची झुळूक सोडायची आणि लाट उठता उठताच बसायची. लोकांना हलकं वाटायचं. रक्तदाब उतरायचा, झोप यायची. काही रुग्णालयांत त्याची चाचणी सुरू होती आणि आईचं रुग्णालय त्यात होतं. उठण्याआधीच विझलेल्या लाटेची नोंद कशी होणार? त्यामुळे शांत लावलेल्या माणसाचा आलेख उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा सपाट दिसे.

"लाव मला ते," आई म्हणाली. "पुरे झालं."

ऋजुतानं लावलं. दुसऱ्या दिवशी आई उन्हं वर येईपर्यंत झोपली. उठून म्हणाली, कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती. तिच्या गालांवर तजेला दिसला आणि ऋजुताला वाटलं, आपण आयुष्यात केलेलं हे सर्वांत चांगलं काम.

त्यानंतर आईचे सहजच केलेले फोन थांबले. रविवारी ऋजुता फोन करायची तेव्हा आई छान बोलायची, मालिकेतली गोष्ट सांगायची, हसायची. मधल्या वारी फोन वाजत नसे. हे ऋजुताच्या लक्षात आलं होतं. तिला ते बरंच वाटलं होतं.

चैत्रात एका दुपारी आई गेली. वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या आणल्या होत्या, त्यांची देठं काढत ती सोप्यात बसली होती. संध्याकाळी शेजारीण दूध द्यायला आली तेव्हा एका अंगाला कलंडलेली दिसली. निम्म्या मिरच्यांची देठं काढून झाली होती. फोन मांडीशीच होता.

हृदयविकाराचा झटका असं निदान करणाऱ्या डॉक्टरांनी ऋजुताला समोर बसवून सांगितलं, की हे अचानक झालेलं नसावं. तासभर तरी आधी सुरुवात झाली असणार. बायकांच्या छातीत पुष्कळदा कळ येतच नाही. घाम येतो, पाठ धरते, आणि मुख्य म्हणजे मनात प्रचंड धास्ती दाटते. आता काहीतरी भयंकर होणार, असं पेशंट येऊन सांगतो. "पुस्तकात लक्षण म्हणून दिलंय ते," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ जण त्या धास्तीपायीच दवाखाना गाठतात आणि वाचतात. त्यांनी कुणाला फोन केला होता का?"

ऋजुता म्हणाली, नाही.

दिवस होईपर्यंत ती मिरजेतच राहिली. ज्याच्याबरोबर तिनं कंपनी उभी राहताना पाहिली होती, तो श्रीरंग बर्वे दोन दिवस येऊन गेला. सगळ्यात जड सामान त्यानं उचललं, स्मशानात लाकडांचं बघितलं, आणि जाताना भीत भीत सुचवलं, की काही दिवस तूही शांत लाव, तोल राहील. तिनं लावलं. मग तिला जेवण जायला लागलं. आलेल्या बायकांना तिनं चहा दिला, आईच्या साड्या वाटल्या, बँकेत जाऊन आली. एक चुलती दुसरीला म्हणाली, शिकल्या-सवरलेल्या पोरी, डोळ्याला पाणी म्हणून नाही. ऋजुतानं ते ऐकलं आणि तिला वाईटही वाटलं नाही.

हसीना सतारमेकर आईबरोबर एकाच विभागात वीस-बावीस वर्षं होती. घरात सतारी बनायच्या आणि ही सलाईन लावायची. तिनं उरलेल्या मिरच्यांची देठं काढून, कांडपातून कुटून, तेल-मसाला घालून चटणी केली आणि बरणी घेऊन आली. आईच्या खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली.

त्या दुपारी तिचा आईशी फोन झाला होता. "हसत होती गं. म्हणाली, उकाडा फार आहे, घाम निथळतोय, पाठ पण धरलीय बसून बसून. मी म्हणाले, मरू दे त्या मिरच्या, पड जरा. तर म्हणते, आज इतकं बरं वाटतंय, उरकूनच टाकते." हसीनानं बरणी पुढे सरकवली. "मी आयसीयूतली सिस्टर. घाम, पाठ, एवढं कानावर पडून माझ्या डोक्यात नाही आलं. एरवी आलं असतं. मलाही तेच लावलंय ना, शांत."

ऋजुतानं विचारलं, "तुझाही भरवसा कमी?"

"तुझ्या आईच्या खालोखाल." हसीनाला हसू आलं. "आमची पद्धतच ती. मनात आलं की उठायचं आणि त्या कॉटपाशी जायचं. उशी उंच कर, कूस बदल, घशातला कफ ओढून घे. डॉक्टरला सरळ सांगायचं नाही, हा बिघडणार म्हणून. म्हणायचं, सर, सलाईन जरा बघता का, सुई हलल्यासारखी वाटते. तो येतो, बघतो, आपोआप नाडी धरतो, औषध बदलतो. पेशंट जातोय कुठे मग? तुझी आई ड्यूटीवर असली की आम्ही म्हणायचो, आज यमाची रजा. आणि तुमच्या त्या मशिनला वाटायचं, बाई उगाच घाबरते."

ऋजुतानं हातातला कप खाली ठेवला. हसीना पुढे बरंच बोलत होती, विभागातल्या गमती सांगत होती. ऋजुताला एवढंच दिसत होतं, की आपण काय मोजलं. आईला वाटायचं, ती उठायची, आणि ते टळायचं. टळलं म्हणजे घडलं नाही. घडलं नाही म्हणजे अंदाज चूक. जितकं ती टाळत गेली, तितका तिचा आकडा खाली गेला. जी सिस्टर लाट आल्यावर हातावर हात ठेवून बसून राहिली असती, तिचा भरवसा उत्तम आला असता.

इतकं साधं. आणि संख्याशास्त्र शिकलेल्या चाळीस माणसांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पडद्यावर त्यांना दिसत होतं ते फक्त "काही नाही". एका सिस्टरचं नव्हे. नंतर पुण्यात बसून तिनं बघितलं तेव्हा नाशिकच्या, लातूरच्या, गोंदियाच्या सिस्टरांनीही तेच म्हटलेलं आढळलं. काही नाही, काही नाही. तिच्या विभागानं त्याची छाननी करताना शेरा मारला होता: कर्मचाऱ्यांना सराव अपुरा. तो शेरा तिनंच मंजूर केला होता. जन्मभर ज्या वाक्यानं तिच्या आईचा फोन सुरू झाला, ते तिला कंपनीच्या पडद्यावर ओळखू आलं नव्हतं.

शांत आता सगळ्या रुग्णालयांना द्यायचं ठरलं होतं. निवाडा विभागाच्या प्रमुखाच्या मंजुरीवाचून ते बाहेर पडणार नव्हतं. ती मंजुरी द्यायची की नाही, एवढाच प्रश्न तिच्यासमोर उरला होता.

श्रीरंगनं तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. तिचा मुद्दा त्याला लगेच पटला, आणि पटल्यावर त्यानं विचारलं, "सिद्ध कसं करायचं? टाळल्यामुळे टळलं, की मुळात काही होणारच नव्हतं? ते तपासायचं तर सिस्टरला लाट यायला हवी आणि तिनं उठायचं नाही. पेशंटचं काय होतं ते बघत राहायचं. असा प्रयोग कोण करील? कोण करू देईल?"

"चालू आहे तो," ऋजुता म्हणाली.

"कुठे?" त्यानं विचारलं.

"ज्या सिस्टर सर्वांत जास्त उठायच्या, नेमक्या त्यांनाच आपण शांत लावलंय. त्यांना आता उठावंसं वाटत नाही. त्या विभागांतले मृत्यू काढून दे मला. आधीचे आणि नंतरचे."

त्यानं काढून दिले. थोडे वाढले होते. फार नाही. हिवाळा वाईट गेला, म्हणावं तर चाललं असतं; पेशंट जास्त गंभीर होते, म्हणावं तरी चाललं असतं. योगायोग नव्हे असं ठामपणे म्हणायला आकडे थोडे कमी पडत होते. अजून थोडी माणसं जायला हवी होती. आणि त्या आकड्यांत आई नव्हतीच. ती विभागात गेली नव्हती, सोप्यात गेली होती. तिच्या त्या दुपारचा आलेख ऋजुतानं उघडून बघितला होता. सपाट होता. लाट उठली आणि विझवली, की उठलीच नव्हती, हे जगात कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं.

"मी मंजुरी देणार नाही," ती म्हणाली.

"कशाच्या आधारावर?" श्रीरंगनं हे टोमण्यानं विचारलं नाही. "पुरावा नाही, तूच म्हणालीस. मग राहतं काय? तुला वाटतं, एवढंच. आणि तुझा स्वतःचा भरवसा किती कमी आहे ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. राग मानू नकोस, ऋजुता, पण हे तू बोलतेयस की तुझं दुःख बोलतंय?"

तिनं कानामागे हात नेला आणि टिकली काढून टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं, काढल्याबरोबर काहीतरी उसळून येईल आणि तिला कळेल. काहीच आलं नाही. कानामागची कातडी तेवढी गार लागली.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "या टिकलीलाही येत नाही."

मंजुरी तिनं दिली नाही. तिला सहा महिन्यांची पगारी रजा मिळाली. तिच्या हाताखालच्या एका हुशार, सरळ मुलीनं कागद पाहिले आणि मंजुरी दिली. ऋजुतानं वर्तमानपत्रांना लिहिलं. दोन पत्रांनी छापलं, एकानं तिच्या आईचा फोटो मागितला. लोकांनी वाचलं आणि हळहळले. पण शांत लावून त्यांना झोप लागत होती. रजा संपल्यावर ती परत गेली नाही. एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवू लागली. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या कानामागे टिकल्या असत. मुलं गुणी होती, शंका फारशा विचारत नसत.

तिच्या डोळ्यांत पाणी अजून आलं नव्हतं. टिकली काढून कितीतरी दिवस झाले होते, तरी आत कुठेतरी सपाटच होतं. कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असे, की शांतचा परिणाम काढताक्षणी थांबतो. ते तिनंच लिहिलं होतं.

मार्गशीर्षातली एक सकाळ होती. पुण्यात थंडी मी म्हणत होती आणि ऋजुता स्वेटर घालून तांदूळ धूत होती. पाण्यात फिरता फिरता तिचा हात थांबला. कानामागे थरथरायला काही नव्हतं. हसीनामावशीचं नाव मनात आलं आणि जाईना. तिनं ओल्या हातानंच फोन लावला.

"काय गं, आज कशी आठवण झाली?" हसीना मजेत होती.

"काही नाही, सहजच केला," ऋजुता म्हणाली.

हसीनाच्या गप्पा सुरू झाल्या. नातीला दात आलाय, घरचे दुकानात गेलेत, आज सुट्टी म्हणून सकाळीच कपाटं आवरायला काढली होती. "दमले बघ. पाठ धरलीय नुसती. आणि घाम तर असा सुटलाय, पंखा लावून बसलेय."

"पंखा?" ऋजुता म्हणाली. "मिरजेत थंडी नाही?"

"आहे की. शेजारची म्हातारी शेकोटी करून बसलीय." हसीनाला स्वतःचंच हसू आलं. "मला मात्र बरं वाटतंय. अगदी हलकं."

ऋजुताच्या पोटातून काहीतरी वर चढलं. भीती होती की अंदाज, ते तिला ओळखता आलं नाही. आईनं अशा वेळी काय केलं असतं ते तिला ठाऊक होतं. जेवलीस का विचारलं असतं, आणि मग काही निमित्त काढून कुणाला तरी तिकडे पाठवलं असतं. पण ऋजुता पुण्यात होती, आणि पाठवायला जवळ कुणी नव्हतं.

"मावशी, तुला झटका येतोय," ती म्हणाली. "कानामागचं काढ. फोन चालू ठेव आणि दारात जाऊन हाका मार."

"वेडी झालीस का? असलं अभद्र बोलतं का कुणी?"

"मी बोलतेय. आई मिरच्या घेऊन बसली होती तेव्हा तुला जे म्हणाली, तेच तू आता मला म्हणालीस. ऊठ."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कडी काढल्याचा आला. मग हसीनानं गल्लीत कुणाला तरी मारलेली हाक, तिचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला.

दोन दिवस तिला रुग्णालयात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सगळ्या तपासण्या केल्या, म्हणाली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणतात, पित्त असेल. येत येत टळलं असंही असेल, आता काय सांगणार. तिची कुरकुर संपत नव्हती. "सगळी गल्ली गोळा झाली. घरचे दुकान उघडं टाकून पळत आले. पोरगा दुबईहून विमानात बसायला निघाला होता, त्याला अडवलं. एवढा तमाशा आणि निघालं काय, तर पित्त." मग म्हणाली, "उगाच घाबरतेस. अगदी आईवर गेलीस बघ."

ऋजुता बरं म्हणाली. फोन ठेवला. तिनं लिहिलेल्या निवाड्यात हा अंदाज चूक म्हणून जमा झाला असता. ती स्वयंपाकघरात गेली. आईच्या मिरच्यांची बरणी फडताळात होती; इतके महिने तिनं उघडली नव्हती. झाकण फिरवलं तेव्हा वास आला आणि तिला रडू फुटलं. मोठ्यानं, आवरता येईना असं. ओटा धरून ती खाली बसली.

भिंतीपलीकडच्या काकूंनी ऐकलं असावं. त्या दार वाजवून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. बऱ्याच वेळानं ऋजुता उठली, ओढणीनं तोंड पुसलं आणि दार थोडंसं उघडलं.

"काही नाही," ती म्हणाली. दार लावायला निघाली आणि थांबली. "आई गेली माझी."